डेंटल असिस्टंट व्हायचं की क्रिमिनल जस्टिस शिकायचं? कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजची वाट, नव्याने आलेल्यांसाठी

मी सासूबाईंना फोनवर सांगितलं, "ज्युनियर कॉलेजात नाव घातलंय," तेव्हा त्या क्षणभर गप्पच झाल्या. आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. बी.कॉम. झालेली सून पुन्हा अकरावीत का बसतेय, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. इकडे जुनी माणसं कम्युनिटी कॉलेजला अजूनही ज्युनियर कॉलेज म्हणतात, म्हणून तो घोळ झाला. खरं तर हे बारावीनंतरचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली पहिलं निघालं, ते आजही चालू आहे. एकट्या कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजं आहेत. गुणवत्ता यादी नाही, डोनेशन नाही, वयाची वरची अट नाही. माझ्या वर्गात एकोणीस वर्षांची मुलगी होती आणि तिच्या शेजारी बावन्न वर्षांच्या आजीही होत्या.

लग्नानंतर किंवा ग्रीन कार्डावर इकडे आलेले पुष्कळ मराठी लोक मला विचारतात, "वर्षा-दोन वर्षांत शिकून हाताला काम मिळेल असं काय आहे?" त्यात दोन नावं वारंवार येतात. एक डेंटल असिस्टिंग, ते मी स्वतः शिकले आणि त्यावर माझं घर चालतं. दुसरं क्रिमिनल जस्टिस. तो रस्ता माझ्या भाच्याने धरला, आणि त्याच्याबरोबर फॉर्म भरताना मीही बरंच शिकले. खाली लिहिलंय ते मुख्यतः कॅलिफोर्नियाचं आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर क्रम हाच ठेवा, नियम मात्र त्या राज्याचे बघा. दातांच्या दवाखान्यात कोणी काय करायचं आणि पोलिसांत कोणाला घ्यायचं, हे इथे प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं.

आधी शेवटचं पान उघडा

"आधी कळस, मग पाया" असं आपण उलट्या क्रमाने काम करणाऱ्याला म्हणतो. या बाबतीत मात्र खरोखरच कळस आधी बघायचा. कॉलेजची जाहिरात, फी, वेळापत्रक हे सगळं नंतर. आधी तुम्हाला हवी ती नोकरी देणाऱ्याची अट वाचा: परवाना लागतो का, तो कोण देतं, त्या परवान्यासाठी कोणता अभ्यासक्रम ग्राह्य धरतात, नागरिकत्व लागतं का, तुमच्या व्हिसावर ते काम करता येतं का. मग मागे मागे येत कॉलेजपर्यंत या.

मी हे उलटं केलं होतं. इकडे आल्यावर तिसऱ्याच महिन्यात एका खासगी संस्थेत गेले. तिथल्या बाईंनी चहा दिला, गोड बोलल्या, आणि "नऊ महिन्यांत नोकरी" म्हणत पाच अंकी डॉलरचा फीचा कागद समोर ठेवला. मी पहिला हप्ता भरलासुद्धा. नंतर कळलं की माझ्या व्हिसावर मला तेव्हा नोकरी करताच येत नव्हती. हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. हप्ता परत मिळाला नाही.

हे माझ्या एकटीचं दुःख नाही, म्हणून सांगते. डेंटल असिस्टिंग आणि क्रिमिनल जस्टिस हे दोन्ही विषय नफ्यासाठी चालणाऱ्या मोठ्या साखळी संस्थांनी वर्षानुवर्षं टीव्हीवरून विकले. एव्हरेस्ट कॉलेज चालवणारी कोरिंथियन ही कंपनी एप्रिल २०१५ मध्ये एका रात्रीत बंद पडली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये आयटीटी टेकही गेली. मुलांच्या डोक्यावर कर्ज राहिलं. कोरिंथियनच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज अमेरिकन सरकारने माफ केलं ते २०२२ मध्ये. तोवर मधली सात वर्षं ती माणसं हप्त्यांच्या ओझ्याखाली होती. सगळ्या खासगी संस्था वाईट असतात असं मी म्हणणार नाही, पण तोच विषय शेजारच्या सरकारी कॉलेजात किती पैशांत मिळतो, हे पाहिल्याशिवाय कुठेही सही करू नका.

व्हिसाचा कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच सगळं ठरतं.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर शिकणं आणि काम दोन्ही मोकळं. सरकारी मदतीसाठी फाफ्सा नावाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. तो भरायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे कोणी "फाफ्सा भरून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर उठून या. त्यातून मिळणारं पेल ग्रँट परत फेडावं लागत नाही. २०२४-२५ साठी त्याची कमाल मर्यादा वर्षाला ७,३९५ डॉलर होती, आणि उत्पन्न कमी असेल तर मिळते.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर शिकायला आडकाठी नाही, त्यासाठी वेगळा विद्यार्थी व्हिसाही लागत नाही. काम करायला मात्र वर्क परमिट लागतं. ते २६ मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना मिळू लागलं, मुख्यतः ज्यांच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालाय त्यांना. फाफ्साची मदत एच-४ ला नाही. आणखी एक गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. डेंटल असिस्टिंगच्या शेवटच्या टप्प्यात बाहेरच्या दवाखान्यात जाऊन बिनपगारी सराव करावा लागतो. परमिट नसताना तो चालेल का, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. उत्तर ई-मेलवर घ्या, तोंडी नको.

फी: रहिवासी की परका

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टर युनिटला (युनिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) ४६ डॉलर पडतात. २०१२ पासून हा आकडा हललेला नाही. फूटहिल, डी अँझासारख्या तिमाहीवर चालणाऱ्या कॉलेजांत युनिट लहान असतं, तिथे ३१ डॉलर. वर्षभराच्या प्रमाणपत्राला चाळीसेक युनिट धरले तरी फी दोन हजार डॉलरच्या आत राहते. त्यावर पुस्तकं, गणवेश, हत्यारांचा संच, लसी, परीक्षा आणि परवान्याची फी असं बरंच चढतं. तेही धरूनच बजेट करा.

रहिवासी ठरायला साधारणपणे राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा लागतो, आणि इथेच राहायचा इरादा दाखवावा लागतो: भाडेकरार, गाडीचा परवाना, टॅक्स रिटर्न. कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांनाही हे करता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. रहिवासी नसाल तर तीच फी कित्येक पट होते. म्हणून नुकतेच आला असाल तर पहिलं वर्ष फुकट गेलं असं समजू नका. प्रौढ शिक्षण केंद्रात इंग्रजीचे फुकट वर्ग असतात, गाडी शिका, लसींचं बघा, आणि घराच्या प्रत्येक कागदावर आपलंही नाव घालून घ्या. भाडेकरार आणि विजेचं बिल फक्त नवऱ्याच्या नावावर असल्यामुळे रहिवास सिद्ध करताना धावपळ झालेल्या तीन मैत्रिणी मला माहीत आहेत.

भारतातली मार्कशीट बहुतेक प्रमाणपत्रांना लागत नाही, बारावी झाल्याचा पुरावा पुरतो. पण असोसिएट डिग्री, म्हणजे इथली दोन वर्षांची पदवी, करायची असेल तर भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून घ्या. नासेस या संघटनेच्या सभासद संस्था ते करतात, डब्ल्यूईएस त्यातलीच. सामान्य विषयांचे काही युनिट त्यातून सुटू शकतात. विद्यापीठाकडून सीलबंद उतारे मागवायला वेळ लागतो, तेव्हा कोणी पुण्या-मुंबईला जात असेल तर हे काम त्यांच्या यादीत घाला.

डेंटल असिस्टिंग: नक्की काय करायचं असतं

डेंटल असिस्टंट आणि डेंटल हायजिनिस्ट यांत आपल्या लोकांचा नेहमी गोंधळ होतो. हायजिनिस्ट दात साफ करते, हिरड्यांची खोली मोजते आणि तिला स्वतःचा वेगळा परवाना असतो. त्यासाठी शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र आधी करून मग दोनेक वर्षांचा कठीण अभ्यासक्रम असतो आणि प्रवेशाला चढाओढ. पगारही त्या मानाने जवळजवळ दुप्पट. असिस्टंट डॉक्टरच्या शेजारी बसते: हत्यारं हातात देते, तोंडातलं पाणी ओढते, एक्स-रे काढते, माप घेते, तात्पुरती कॅप बसवते, खोली निर्जंतुक करते. सरकारी आकडेवारीनुसार मे २०२३ मध्ये देशभरात असिस्टंटचा मधला पगार वर्षाला ४६,५४० डॉलर होता. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, याहून जास्त मिळतो, पण इथलं घरभाडंही तसंच आहे.

कॉलेज निवडताना एकच शब्द शोधा: कोडा. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या छत्राखालची ही मान्यता देणारी समिती. बे एरियात फूटहिल, कॉलेज ऑफ सॅन मटेओ, डायब्लो व्हॅली, सॅन होजे सिटी कॉलेज अशा सरकारी कॉलेजांत हा विषय आहे. तुम्ही अर्ज कराल त्या वर्षी मान्यता चालू आहे ना, हे कोडाच्या यादीत स्वतः पाहा. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून बाहेर पडलात तर डॅनब या राष्ट्रीय मंडळाच्या सीडीए (सर्टिफाइड डेंटल असिस्टंट) परीक्षेला थेट बसता येतं. नाहीतर आधी ३,५०० तास कामाचा अनुभव दाखवावा लागतो. परीक्षेचे तीन भाग: खुर्चीशेजारचं काम, किरणोत्सर्गाची सुरक्षितता आणि संसर्ग नियंत्रण.

सीडीए देशपातळीवरचं आहे. कॅलिफोर्नियाचा आपला परवाना म्हणजे आरडीए (रजिस्टर्ड डेंटल असिस्टंट), तो राज्याचं डेंटल बोर्ड देतं. बोर्डाने मान्य केलेला अभ्यासक्रम केला तर वाट सरळ. न करता दवाखान्यात हाताखाली शिकूनही तिथवर जाता येतं, त्यासाठी किमान १५ महिने आणि १,२८० तासांचा अनुभव लागतो. माझं मत विचाराल तर वर्ग करा. हाताखाली शिकताना त्या एका डॉक्टरची पद्धत तेवढी कळते, आणि घाईच्या दवाखान्यात कोणाला शिकवायला वेळ नसतो. बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी होते, तेव्हा जुना काही खटला असेल तर तो लपवू नका.

आता वर्गात काय होतं ते सविस्तर सांगते, कारण नवख्याला धास्ती असते ती याचीच.

पहिल्या आठवड्यात दातांचे नंबर. भारतात दातांना दोन अंकी नंबर असतात, वरच्या उजव्या पुढच्या दाताला ११, तिथून मागे १२, १३ असं. अमेरिकेत १ ते ३२ अशी सलग मोजणी. वरची उजवी अक्कलदाढ म्हणजे १, तिथून डावीकडे जात वरची डावी अक्कलदाढ १६, मग खाली उतरून खालची डावी १७, आणि शेवटी खालची उजवी ३२. दुधाच्या दातांना ए पासून टी पर्यंत अक्षरं. रुग्णाची उजवी बाजू म्हणजे आपल्यासमोर डावीकडे येते, त्यात सगळे फसतात. मी स्वयंपाकघराच्या फरश्यांवर खडूने ३२ चौकोन काढून त्यावरून चालत पाठ केलं. भारतातून बीडीएस करून आलेल्या मैत्रिणींना हे जास्त जड जातं, कारण जुनी मोजणी हाडात मुरलेली असते. त्यांना "अकरा" ऐकलं की पुढचा दात दिसतो. इथे अकरा म्हणजे वरचा डावा सुळा.

मग बसायची जागा. रुग्णाचं तोंड हे घड्याळाचं मधलं टोक, डोकं बाराच्या बाजूला. डॉक्टर उजव्या हाताचा असेल तर तो सात ते बाराच्या मध्ये बसतो, असिस्टंट दोन ते चारच्या मध्ये. हत्यारं चार ते सातच्या जागेतून, म्हणजे रुग्णाच्या हनुवटीखालून, द्यायची आणि घ्यायची. डोळ्यांवरून कधीच नाही. असिस्टंटचं स्टूल डॉक्टरपेक्षा चार ते सहा इंच उंच असतं, म्हणजे आत नीट दिसतं. डॉक्टरने नजर न हलवता हात पुढे करावा आणि त्याला हवं ते हत्यार हव्या त्या दिशेने हातात पडावं, याला चार हातांचं काम म्हणतात. जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या दोघींसारखंच ते आहे, दोघींची लय जमली की ओढाताण थांबते. ती जमायला मला चार महिने लागले.

एक्स-रेचा भाग आला की आमच्या बाईंनी सी. एडमंड केल्स यांची गोष्ट सांगितली. न्यू ऑर्लिन्सचे हे दंतवैद्य. १८८५ च्या सुमारास त्यांनी दवाखान्यात मदतीला बाई ठेवली, आणि आमच्या या कामाची सुरुवात तिथून मानतात. त्या काळी एकटी स्त्री रुग्ण दवाखान्यात यायला कचरायची, ती दुसरी बाई असल्यामुळे येऊ लागली. हेच केल्स अमेरिकेत दातांचे एक्स-रे काढणाऱ्या पहिल्या लोकांपैकी. किरणांचा धोका तेव्हा कोणाला कळला नव्हता. यंत्राचा ताव जमवायला ते आपलाच हात किरणांसमोर धरायचे. कर्करोग झाला, बोटं गेली, मग हात गेला, पुष्कळ शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. "फिल्म रुग्णाच्या तोंडात आपल्या बोटाने धरायची नाही" हा नियम पुस्तकात एका ओळीचा आहे. ही हकीकत ऐकल्यानंतर तो मोडायचा विचार माझ्या मनात आला नाही. कॅलिफोर्नियात किरण सुरक्षेचा वेगळा अभ्यासक्रम केल्याशिवाय असिस्टंटला एक्स-रे काढताच येत नाहीत.

आणि निर्जंतुकीकरण. बाहेरून ही भांडी घासण्यासारखी कामं वाटतात, पण सगळ्यात जास्त जबाबदारी इथेच आहे. हत्यारं आधी धुवायची, मग वाळवायची, मग पाकिटात, मग ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात). ओली पाकिटं बाहेर काढायची नाहीत, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. पाकिटावरची पट्टी रंग बदलते तेवढ्याने भागत नाही. ती फक्त उष्णता लागली एवढंच सांगते. म्हणून निदान आठवड्यातून एकदा यंत्रात मुद्दाम चिवट जंतूंची बीजं ठेवतात आणि ती मेली की नाही ते तपासतात. नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा या तपासणीची वही दाखवा म्हणून विचारा. ती वही अद्ययावत नसेल तर त्या दवाखान्यात काम धरू नका, पगार कितीही असो. सुई टोचण्याचा धोका तुम्हालाच असतो. हिपॅटायटिस बी ची लस मालकाने स्वतःच्या खर्चाने द्यायला हवी, असा कायदा १९९१ पासून आहे.

आपलं मराठी इथे उपयोगी पडतं, याचं मला सुरुवातीला नवल वाटलं होतं. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील दात दुखला की घाबरून येतात. इंग्रजीत त्यांचं सगळं दुखणं "पेन" होऊन जातं. मराठीत विचारलं की आजी नेमकं सांगतात: ठणका लागतो, की गार पाण्याने शिवशिवतं, की नुसते दात आंबल्यासारखे वाटतात. रात्री झोपेतून उठवणारा ठणका आणि गार पाण्याची शिवशिव यांतून डॉक्टर वेगळे अंदाज बांधतात. मी ते शब्दशः इंग्रजीत उतरवून देते आणि अर्धं काम तिथेच सोपं होतं.

बीडीएस झालेल्यांना दोन शब्द. इथे दंतवैद्य म्हणून काम करायचं तर आयएनबीडीई ही दंतवैद्यांची राष्ट्रीय परीक्षा आणि बहुतेक राज्यांत अमेरिकन डेंटल कॉलेजचा दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम करावा लागतो, तो फार महाग आहे. मधल्या काळात असिस्टंटचं काम करणाऱ्या मराठी डॉक्टर मुली मी पाहिल्यात. त्यात कमीपणा मानू नका, इथला दवाखाना आतून कळतो आणि शिफारसपत्रं मिळतात. परदेशी दंतपदवीवर डॅनबच्या सीडीए परीक्षेला बसण्याची वेगळी वाटही आहे. तेव्हा शून्यापासून वर्ग करण्याआधी डॅनबला तुमची पदवी दाखवून विचारा.

क्रिमिनल जस्टिस: पदवी, अकादमी आणि नोकरी या तीन वेगळ्या गोष्टी

कॅलिफोर्नियात हा विषय बहुतेक कॉलेजांत "ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस" या नावाने सापडेल. पोलिसांनी कॉलेजात शिकावं हा विचारच या भागातला आहे. बर्कलीचे पोलीस प्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी तो लावून धरला, आणि सॅन होजेच्या सरकारी कॉलेजात १९३० मध्ये पोलिसांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे १९६८ च्या कायद्याने केंद्र सरकारने पोलिसांच्या शिक्षणाला पैसा दिला आणि गावोगावच्या कम्युनिटी कॉलेजांत हे वर्ग निघाले.

वर्गात शिकवतात ते फौजदारी कायदा, पुराव्याचे नियम, न्यायालयाची रीत, बालगुन्हेगारी, पोलीस आणि समाजाचं नातं. आपल्याकडून आलेल्याला दोन गोष्टी नव्या वाटतात. एक म्हणजे देशभर एकच दंडसंहिता नाही. आपल्याकडे खून म्हटलं की ३०२ आठवतं (आता भारतीय न्याय संहितेत ते १०३ झालं), इथे कॅलिफोर्नियाच्या १८७२ च्या पीनल कोडमध्ये ते १८७ आहे आणि शेजारच्या राज्यात आणखी वेगळं. दुसरी म्हणजे झडती आणि चौकशीवरची घटनेची बंधनं. बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा राज्याच्या न्यायालयातही चालणार नाही, हे १९६१ च्या मॅप खटल्याने ठरलं. गरीब आरोपीलाही वकील, हे १९६३ च्या गिडियन खटल्याने. गप्प बसण्याचा हक्क आधी सांगायचा, हे १९६६ च्या मिरांडा खटल्याने. माझा भाचा ही नावं घरी इतकी म्हणायचा की माझ्या मुलीलाही पाठ झाली.

पण ही पदवी घेतली म्हणून कोणी पोलीस होत नाही, आणि नव्याने आलेले लोक इथेच फसतात. पोलीस व्हायला पोस्ट या राज्य मंडळाने मान्य केलेली अकादमी करावी लागते, किमान ६६४ तासांची. बहुतेक अकादम्या प्रत्यक्षात याहून जास्त तास घेतात. काही अकादम्या कम्युनिटी कॉलेजांशी जोडलेल्या आहेत. वय २१ पूर्ण हवं. वाचन-लेखनाची परीक्षा, वैद्यकीय आणि मानसिक तपासणी, आणि शरीराची कसोटी: सहा फुटी कुंपण आणि सहा फुटी भिंत चढणं, १६५ पौंडांचा पुतळा ३२ फूट ओढणं, ५०० यार्ड धावणं. पंचाहत्तर किलोचं ते ओझं आहे. भाच्याने त्यासाठी सहा महिने आधीपासून तयारी केली.

नागरिकत्वाचा नियम बदलला आहे. १ जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियात पोलीस अधिकारी व्हायला नागरिक असणं सक्तीचं राहिलं नाही, काम करायची कायदेशीर परवानगी पुरते. इलिनॉयनेही २०२४ पासून तसं केलं. पण न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांत नेमणुकीच्या वेळी नागरिकत्व लागतं, आणि एफबीआयसारख्या केंद्रीय खात्यांत तर लागतंच. शिवाय एफबीआयच्या स्पेशल एजंटला चार वर्षांची पदवी हवी. ज्या खात्यात जायचंय त्याच्याच संकेतस्थळावर अट वाचा, शेजाऱ्याच्या मुलाने सांगितलेली नको.

पार्श्वभूमीच्या चौकशीचा फॉर्म हा सगळ्यात दमवणारा भाग. राहिलेले सगळे पत्ते, नोकऱ्या, नातेवाईक, कर्ज, वाहतुकीचे दंड, सगळं लिहायचं. सांगलीतल्या जुन्या भाड्याच्या खोलीचा पत्ता आणि घरमालकाचं नावही. भाच्याच्या एका मित्राने कॉलेजातली किरकोळ मारामारी लिहिली नाही आणि ती चौकशीत निघाली. मारामारीपेक्षा ती लपवली, याने त्याचं नुकसान झालं. आजपासूनच एक वही करा: कुठे, कधीपासून कधीपर्यंत, कोणाच्या घरात.

पोलीस होणं हा या विषयाचा एकच फाटा आहे. ९११ चा, म्हणजे तातडीच्या मदतीचा, फोन घेणारा डिस्पॅचर हे काम मला फार मोलाचं वाटतं, आणि आपल्या लोकांच्या नजरेत ते येतच नाही. देशातला पहिला ९११ फोन १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल गावात लागला. आज हे काम शिकवायला पोस्टचा किमान १२० तासांचा अभ्यासक्रम आहे. भिंत चढावी लागत नाही, पण रडणाऱ्या माणसाकडून पत्ता काढून घेताना आपला आवाज स्थिर ठेवावा लागतो, आणि रात्रपाळी चुकत नाही. याशिवाय न्यायालयातले कारकून, तुरुंग अधिकारी, गुन्ह्यातल्या पीडितांना मदत करणारे कार्यकर्ते. प्रोबेशन अधिकाऱ्याला (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा) बहुतेक ठिकाणी चार वर्षांची पदवी लागते. ती हवी असेल तर कॉलेजात पहिल्या दिवशीच "असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर" मागा. २०१० च्या कायद्याने ही सोय झाली, ती केली की राज्य विद्यापीठाच्या साखळीत तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची हमी असते. कॉलेज कोणतं मिळेल याची मात्र नाही.

अर्जाचं वेळापत्रक आणि लसी

साधारण कॉलेज ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं, तिमाहीवालं सप्टेंबरमध्ये. ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिसला कॉलेजचा ऑनलाइन अर्ज पुरतो. डेंटल असिस्टिंगला कॉलेजचा अर्ज वेगळा आणि त्या विभागाचा वेगळा, जागा मोजक्या, आणि अर्ज वसंतातच घेतात. हे दोन अर्ज आहेत हे न कळल्यामुळे एक वर्ष घालवलेली मंडळी दरवर्षी भेटतात. अर्ज केल्यावर समुपदेशकाची वेळ घ्या, ती फुकट असते. जाताना तीन प्रश्न लिहून न्या: गेल्या वर्षी किती जण परवान्याच्या परीक्षेला बसले आणि किती पास झाले, सराव कुठल्या दवाखान्यांत असतो, आणि दिवसा मुलं शाळेत असतानाच्या वेळेत हे जमतं का.

डेंटलवाल्यांनी लसींचं काम आजच सुरू करावं. हिपॅटायटिस बी चे नेहमीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, म्हणजे अर्धं वर्ष जातं. भारतात लहानपणी घेतले असतील आणि कागद नसेल, तर रक्ताची तपासणी करून प्रतिकारशक्ती दाखवता येते. गोवर आणि कांजिण्यांचंही तसंच. क्षयाच्या तपासणीत आपल्याला हमखास अडचण येते. आपल्या दंडावर बीसीजीचा वण असतो, आणि त्या लसीमुळे हातावर टोचायची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, औषधांची चर्चा, यात आठवडे जातात आणि वर्ग सुरू झालेला असतो. डॉक्टरला आधीच सांगा की मला बीसीजी दिलेलं आहे, टोचायची चाचणी नको, रक्ताची करा. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही.